सगळी वळणे डावीकडची

अट एका वाक्यात मावणारी होती. रविवारी सकाळी घरातून निघून परत घरी येईपर्यंत स्टिअरिंगला माझ्या बहिणीशिवाय कोणाचा हात लागला नाही, तर गाडी घरात राहील. लागला, तर सोमवारी गिऱ्हाईक येऊन ती घेऊन जाईल. अट घालणारा बहिणीचा मुलगा. मान्य करणारी बहीण. साक्षीदार मी.

बहीण अठ्ठावन्न वर्षांची आहे. पौडच्या बाजारपेठेत तिचे शाळेच्या गणवेशांचे दुकान आहे. माप घेणे, कापणे, शिवणे ती करायची आणि तयार गठ्ठे या गाडीतून गावोगाव पोचवायचे काम तिच्या नवऱ्याचे होते. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. तेव्हापासून गठ्ठे टेम्पोवाल्याच्या सवडीने जात होते आणि बहीण शेजाऱ्यांच्या. उन्हाळ्यात ती कोणाला न सांगता ड्रायव्हिंग स्कूलला जाऊ लागली आणि दिवाळीच्या आधी लायसन्स घेऊन आली. मुलगा बावधनला राहतो. त्याने लायसन्स दोन्ही बाजूंनी पाहिले.

"अम्मी, हे मिळालं म्हणजे गाडी येते असं नसतं."

"मग काय म्हंजे येती?"

"घाट, चढ, अरुंद रस्ता, समोरून गाड्या. तुला यातलं काही माहीत नाही."

"तीस वर्सं तुज्या अब्बांच्या शेजारी बसले. समदं म्हाईत हाय. फकस्त दिसलं न्हाई."

"म्हणजे?"

"मांडीवर गठ्ठे असायचे. डोळ्यापर्यंत."

यातून सहल निघाली. ग्राउंडवर गोल गोल फिरून परीक्षा देणार नाही, असे तिने सांगितले. जायचे तर मुळशीचे तळे बघायला जायचे, डोंगर बघत जायचे, डबा घेऊन जायचे. मुलगा हो म्हणाला. त्याच्या मते निव्वळ ग्राउंडपेक्षा ही परीक्षा अवघड होती. ती त्याला वाटत होती त्याहूनही अवघड होती, कारण एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. बहिणीला रिव्हर्स येत नव्हता.

लायसन्सच्या परीक्षेत तिने तो घेतला होता, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत. घरच्या गाडीत तिने तो एकदाच घेतला. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या हौदाला त्या दिवशी पडलेली चीर अजून आहे. त्यानंतर गिअरच्या दांड्याच्या त्या कोपऱ्याकडे तिचा हात गेला नाही.

मला तिने हे शुक्रवारी सांगितले, दुकानाचे शटर अर्धे ओढून.

"तू पेपरात व्हतास. तुज्याकडं नकाशे हायेत. आसा रस्ता काढ की मागं यायलाच लागू नये."

मी तीस वर्षे वर्तमानपत्रात तालुक्याचे पान पाहिले. नकाशे माझ्याकडे होते. मोठा सर्वेक्षणाचा कागद होता, एका सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर अशा प्रमाणाचा, घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेला. शिवाय फोन होता. दुकानातले कापायचे टेबल आठ फूट लांब आहे. त्यावरचे निळ्या पँटचे कापड बाजूला करून आम्ही कागद पसरला, चार कोपऱ्यांवर कात्र्या ठेवल्या आणि कामाला लागलो.

गेल्या रस्त्याने परत यायचे तर कुठेतरी गाडी वळवावी लागते. म्हणून रस्ता गोल हवा, हे पहिल्या पाच मिनिटांत ठरले. उजवीकडे वळायचे तर समोरून येणाऱ्यांना थांबून वाट द्यावी लागते आणि थांबले की बहिणीची गाडी बंद पडते. म्हणून वळणे डावीकडची हवीत, हे दहाव्या मिनिटाला ठरले. तळे बघायला थांबायचे तर तळेही डाव्या हाताला हवे, म्हणजे गाडी नुसती कडेला घेता येईल. पौडहून लोक तळ्याकडे जातात ते मालेमार्गे, सरळ पश्चिमेला. तसे गेले तर तळे उजवीकडे येते.

बहिणीने बोटाने तोच रस्ता उलटा फिरवला. आधी उत्तरेला कोळवण, मग तिकोन्याच्या पायथ्याने पवनेच्या पाण्याकडे, लोणावळा टाळून घुसळखांब, तिथून डावीकडे आंबवणे, पुढे भांबुर्डे, निव्याला पुन्हा डावीकडे, मग तळ्याच्या काठाकाठाने माले आणि पौड. पौडात आल्यावर कोळवणच्या रस्त्याला लागायचे, तेही डावीकडे. घर त्याच रस्त्यावर आहे.

मी फोनवर तपासले. नंतर कागदावर. सगळी मोठी वळणे डावीकडची होती. तळेही डावीकडे होते. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग बहीण टेबलावर डोके ठेवून हसू लागली. शटरखालून एका गिऱ्हाइकाने वाकून विचारले, "आपा, हाफ पँट झाली का?" ती हसतच म्हणाली, "सोमवारी."

अंतर मोजायचे काम तिने माझ्या हातून काढून घेतले. गणवेशाच्या निळ्या दोऱ्याचे टोक तिने पौडवर टाचणीने टोचले आणि दोरा रस्त्यावरून चालवत नेला. प्रत्येक वळणावर एक टाचणी. दोरा परत पौडला आला तेव्हा तालुक्याचा पश्चिम भाग टाचण्यांनी भरला होता. तिने दोरा काढून टेपवर ताणला. फोनवरचा आकडा आणि तिचा आकडा यांत अर्ध्या बोटाचा फरक निघाला. फोन चुकला असेल, असे ती म्हणाली.

मग तिने कापण्याच्या खाकी कागदावर शिंप्याच्या खडूने स्वतःचा नकाशा काढला. माझा तिला वाचता येत नव्हता. तिच्या नकाशात गावांपेक्षा वळणांना महत्त्व होते आणि वळणांना तिने आपल्या कामातली नावे दिली. पसरट वळण म्हणजे गळा, तिथे तिसरा गिअर. खोल वळण म्हणजे मुंढा, बाही जोडतात तसे, तिथे दुसरा. अरुंद पूल म्हणजे काज, तिथे पहिला आणि बिस्मिल्लाह. वाटेत तेरा मुंढे आणि चार काजे होती.

थांबण्याच्या जागा शोधणे माझ्याकडे आले. वरून घेतलेल्या फोटोंत रस्त्याची डावी कड जिथे रुंद दिसते, तिथे मी तिच्या खाकी कागदावर खुणा केल्या. बातमी दोन ठिकाणांहून पक्की करायची सवय असल्याने वाटेवरच्या टपऱ्यांचे नंबर मिळवून फोनही केले. तिकोन्याजवळच्या चहावाल्याशी झालेले बोलणे असे:

"तुमच्या टपरीपाशी गाडी लावायला जागा आहे का?"

"लई हाय. दोन बस लागत्यात."

"कोणत्या बाजूला?"

"डाव्या हाताला."

"निघताना गाडी मागे घ्यावी लागते का?"

"का वो? गाडीला रिव्हर्स न्हाई?"

"गाडीला आहे. चालवणाराला नाही."

"कोन चालवतंय?"

"माझी बहीण."

"किती वाजता येनार?"

"नऊला."

"या, या. मी पोरास्नी घरात बसवतो."

गाडी शेडमध्ये तोंड आत करून उभी होती. म्हणजे सहलीची सुरुवातच रिव्हर्सने होणार होती. शनिवारी दुपारी चार शेजारी बोलावले. बहीण स्टिअरिंगवर बसली, इंजिन बंद, आणि चौघांनी गाडी ढकलत बाहेर आणून तिचे तोंड रस्त्याकडे केले. अटीत ढकलण्याबद्दल काही म्हटलेले नव्हते. हौदाचे मालक ढकलणाऱ्यांत होते. ते सर्वांत जास्त जोर लावत होते.

रविवारी फजरची नमाज झाल्यावर तिने डबा भरला. खिमा, चपात्या, कांदा. मुलगा सातला आला आणि तिच्या शेजारी बसला. मी मागे, मांडीवर दोन्ही नकाशे. भाताची कापणी संपत आली होती. कोळवणच्या खोऱ्यात पेंढ्यांचे भारे रस्त्याच्या कडेला उभे होते आणि डोंगरांवरचे गवत पिवळे पडले होते. बहिणीने यातले काही पाहिले नाही. ती रस्ता पाहत होती.

"पुढे गळा," मी मागून सांगत होतो. "मग मुंढा."

"मामू काय बोलतायत?" मुलाने विचारले.

"तू गप बस. दुसरा टाकायचाय."

मुलाचा उजवा पाय प्रत्येक वळणावर खालच्या मॅटवर दाबला जात होता. तिथे ब्रेक नव्हता. पहिल्या तासात तो "या अल्लाह" किती वेळा म्हणाला हे मी मोजायला घेतले आणि सोडून दिले.

नऊला पाच मिनिटे कमी असताना चहाची टपरी दिसली. ती उजवीकडे होती.

चूक माझी होती. चहावाला त्याच्या टपरीत रस्त्याकडे तोंड करून बसतो आणि मोकळी जागा त्याच्या डाव्या हाताला आहे. तुम्ही कुठून पाहताय, हा प्रश्न मी विचारला नव्हता. उपसंपादकाच्या पहिल्या महिन्यात शिकवतात असा तो प्रश्न आहे.

"उजवीकडं हाय," बहीण म्हणाली.

"हो."

"मग न्हाई थांबत."

चहावाला बाहेर येऊन उभा होता. गाडी त्याने ओळखली असावी, कारण त्या वेगाने त्या रस्त्यावर दुसरी गाडी येत नसावी. त्याने हात केला. बहिणीने स्टिअरिंगवरचा हात न काढता मान हलवली आणि गाडी पुढे गेली. मी मागच्या काचेतून पाहिले. चहावाला तारेच्या जाळीत चार ग्लास घेऊन पळत येत होता.

"आपा, तो पळतोय."

"डावीकडं जागा हाय का पुढं?"

"थोडी आहे. वडाखाली."

तिने गाडी वडाखाली घेतली आणि बंद पाडली. चहावाला धापा टाकत खिडकीशी आला. चहा अर्धा सांडला होता.

"मावशी, जाग्यावर ग्राहाक येतं, मला पळवनारं पयलंच," तो म्हणाला. त्याने मुलाकडे पाहिले. "तुमी का चालवत न्हाई?"

"मला मनाई आहे," मुलगा म्हणाला.

घुसळखांबला डावीकडे. आंबवण्यापर्यंत पर्यटकांच्या मोठ्या गाड्या मागून हॉर्न वाजवत होत्या. बहीण प्रत्येकीला म्हणत होती, "जा बाबा, जा." काच बंद असल्याने कोणाला ऐकू जात नव्हते. आंबवणे मागे पडल्यावर रस्ता रिकामा झाला आणि अरुंद झाला. दरीच्या कडेला ती एकदा थांबली, खाली उतरली, कमरेवर हात ठेवून खाली पाहिले.

"हितं आमी दोगं कितींदा आलो असू," ती म्हणाली. "ह्ये व्हतं व्हय हितं."

भांबुर्ड्याच्या अलीकडे चढ आहे. डावीकडे डोंगर, उजवीकडे उतार, मध्ये एका गाडीपुरता रस्ता. अर्धा चढ चढल्यावर वरून बस आली. लग्नाच्या वऱ्हाडाची खाजगी बस, पुढच्या काचेवर झेंडूचे तोरण. दोन्ही गाड्या थांबल्या. मध्ये दोन म्हशी मावतील एवढे अंतर राहिले.

बसचा ड्रायव्हर काचेतून डोके काढून म्हणाला, "मावशी, घ्या जरा मागं. चार हात."

बहिणीने हँडब्रेक ओढला आणि काच खाली केली. "मला मागं येत न्हाई."

"काय येत न्हाई?"

"मागं."

"आन मग घाटात कशी आलीस?"

"पुढं येतं की."

मुलाने माझ्याकडे वळून पाहिले. रिव्हर्सची गोष्ट त्याला त्या क्षणी कळली. त्याने सीटबेल्ट सोडला.

"अम्मी, उतर. दोन मिनिटं. मी फक्त मागे घेतो, मग तूच चालव."

"हात लावलास तर गाडी गेली."

"मी नाही म्हणणार काही. हे अटीत धरत नाही."

"मी धरते."

मागे वळण होते, आणि ते खोल होते. मुलाचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्याचा हात स्टिअरिंगपासून वीतभर अंतरावर येऊन थांबला. बहिणीने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि ती समोरच्या तोरणाकडे पाहत होती. मी तिला लहानपणापासून ओळखतो. ती रडण्याच्या बेताला आली होती.

तेवढ्यात वऱ्हाड खाली उतरले. नव्या साड्यांतल्या बायका, टोप्या घातलेले म्हातारे. सगळे एकदम बोलत होते. "बाई चालवतीया!" "मागं येत न्हाई म्हनं!" "आता नवरी हितंच आनावी लागतीया!" त्यांच्यात एक म्हातारी होती, हिरव्या नऊवारीतली, हातात अक्षतांची पिशवी. ती बसच्या ड्रायव्हरकडे गेली.

"ती चढतीया का तू चढतुयास?"

"ती, आज्जे."

"मग? चढनाऱ्याला वाट द्यायाची आस्ती. बैलगाडीपासनं हाय त्ये. घी मागं."

"कुटं घिऊ? मागं जागा कुटं हाय?"

ते मात्र मला माहीत होते. मी खाकी कागद घेऊन खाली उतरलो. दरी दिसेल अशी थांबण्याची जागा म्हणून फोटोत पाहून खूण केलेली एक रुंद कड याच चढाच्या डोक्यावर, बसच्या मागे होती. मी कागद बॉनेटवर पसरला आणि ड्रायव्हरला दाखवली. तो खडूच्या रेषांकडे पाहत राहिला.

"ह्यो नकाशा हाय का झबलं?"

"नकाशा आहे. तुमच्या मागे पस्तीस-चाळीस पावलांवर रुंद जागा आहे."

तो स्वतः चालत जाऊन पाहून आला. "हाय," तो म्हणाला. "खरंच हाय."

बस मागे निघाली. वऱ्हाड दोन्ही बाजूंनी चालत होते आणि प्रत्येक जण स्वतंत्र सूचना देत होता. "आन दे! आन दे!" "आरं डावी!" "कुनाची डावी?" म्हातारी सर्वांत पुढे, म्हणजे सर्वांत मागे होती आणि पिशवी हलवत होती. बस रुंद जागेत गेली. आता चढावर थांबलेली गाडी उचलायची होती. बहिणीने हँडब्रेक सोडला, गाडी वीतभर मागे घरंगळली, मुलाने डोळे मिटले, आणि इंजिन ओरडून गाडी वर निघाली. दिवसभरात ती मागे आली ती एवढीच.

वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या. म्हातारीने खिडकीतून बुंदीचे तीन लाडू आत टाकले आणि हातातल्या अक्षता गाडीच्या टपावर उधळल्या. त्या नवरा-नवरीसाठीच्या होत्या. कोणी हरकत घेतली नाही. निव्यापर्यंत टपावरून तांदूळ ओघळत होते आणि आम्ही तिघेही, लाडू तोंडात असताना, नीट हसूही शकत नव्हतो. मुलगा सर्वांत जास्त हसत होता. "पुढं येतं की," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि मॅटवर पाय आपटत होता.

निव्याला डावीकडे. मग पाणी आले. कोवळ्या झाडांमधून आधी तुकड्यांत, मग सलग. डाव्या हाताला, ठरल्याप्रमाणे. रस्ता मोठा होता, वळणे गळ्यांची होती. बहीण तिसऱ्या गिअरमध्ये होती आणि मला गिअर सांगावे लागत नव्हते. एका रुंद कडेला तिने गाडी घेतली आणि बंद केली. या वेळी पाडली नाही, बंद केली.

"बघ रं," ती मुलाला म्हणाली.

तो झोपला होता. मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडे, शर्टावर बुंदीचे कण. त्याच्या पलीकडे सगळे तळे होते.

ती त्याच्या डोक्यावरून तळे बघत बसली. डबा आम्ही दोघांनीच खाल्ला, चमचा न वाजवता. समोरच्या डोंगराची सावली पाण्यात अर्ध्यापर्यंत आली तेव्हा ती म्हणाली, "चल, उशीर व्हतोय." तिने दार हळू ओढले.

माले गेले. पौडचा बाजार आला. कोळवणच्या रस्त्याला डावीकडे वळताना समोरून आलेल्या दुधाच्या गाडीला तिने वाट दिली. गाडी बंद पडली नाही. घरासमोर इंजिन थांबले तेव्हा मुलाला जाग आली.

"निवे आलं?"

"पौड आलं."

तो सरळ बसला. घर पाहिले, मग आम्हाला पाहिले. "म्हणजे निव्यापासून मी काही पाहिलेलंच नाही. मामूंनी चालवली नसेल कशावरून?"

"मला गाडी येत नाही," मी सांगितले. हे खरे आहे.

बहिणीने किल्ली काढली. "तुला गाडीत कदी झोप लागती रं? लहानपनापासनं एकदा तरी लागली? अब्बा चालवताना दाराच्या कडीत बोट घालून जागा बसायचास. टॅक्सीत जागा, बसमंदी जागा."

तो उतरला, शर्ट झटकला, आणि गाडीला एक फेरी मारली. टपावर थोडे तांदूळ राहिले होते. त्याने खिशातून फोन काढला आणि आमच्याकडे पाठ करून गिऱ्हाइकाला लावला.

"उद्या येऊ नका," तो म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारले गेले. "नाही, किमतीचं काही नाही. गाडी रिकामी नाहीये." पुन्हा प्रश्न आला. "अम्मी. हो, अम्मी चालवते. हो हो, घाटातसुद्धा."

बहीण डिकी उघडून मोजत होती की बत्तीस नंबरच्या पँटचे किती गठ्ठे तीत बसतील.